वांग, जायफळ आणि मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब

सांगलीकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३८. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले, पाच वर्षं झाली तरी हटत नाहीत. सासूबाई म्हणतात, जायफळ दुधात उगाळून लाव. मोबाइलवर कोणी लिंबू-मध सांगतं, कोणी बटाट्याचा रस. पार्लरवाली म्हणते, ग्लुटाथायोनची इंजेक्शनं आणि चार पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं) घ्या, दोन महिन्यांत चेहरा उजळेल. आणि दोन महिन्यांनीच धाकट्या दिराचं लग्न आहे. "मला केमिकलच्या नादी लागायचं नाही, निसर्गोपचारानेच बरं व्हायचंय, सुरुवात कुठून करू?" असं त्यांनी विचारलंय.

मी निसर्गोपचाराची डॉक्टर आहे. या विषयाची साडेपाच वर्षांची पदवी घेतली आणि वीसेक वर्षं हेच काम करते, त्यामुळे मी आता मातीचा लेप सांगेन अशी तुमची अपेक्षा असणार. पण ताई, तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आलंय, ते मी तीनदा वाचलं. "मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, ती लावली की चेहरा छान राहतो, चार दिवस सोडली की लाल होऊन आग होते, म्हणून अधूनमधून लावते." तुम्ही हे जाता जाता सांगितलंत. मला मात्र वाटतं, तुमचा पहिला प्रश्न हाच आहे आणि वांग त्याच्या मागे उभे आहेत.

ट्यूबचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून खात्रीने सांगता येत नाही. पण लावली की गोरं, सोडली की आग, हे वर्णन ऐकलं की आमच्याकडे सगळ्यांच्या मनात एकच शंका येते, स्टेरॉइडची. आपल्याकडे वांगासाठी सर्रास खपते ती तिहेरी क्रीम: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्का. यातलं तिसरं स्टेरॉइड. त्वचारोगतज्ज्ञ अशी तिहेरी क्रीम देतात, नाही असं नाही, पण मोजून काही आठवडे, तेही सौम्य स्टेरॉइडची आणि लक्ष ठेवून. शेजारणीने सांगितली म्हणून आणलेली ट्यूब वर्षानुवर्षं चालू राहते. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, बारीक पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, आणि उन्हात पाऊल टाकलं की चटका बसतो. त्वचेला त्या औषधाची सवय लागलेली असते. सोडलं की ती उसळून येते, आपल्याला वाटतं क्रीम सोडल्यामुळे चेहरा बिघडला, आणि पुन्हा बोट ट्यूबकडे जातं. हा प्रकार देशभर इतका वाढला की २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दुकानात ती तरीही मिळतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

खोका असेल तर आज बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही बारीक अक्षरात लिहिलंय का? असेल, तर ती मनाने एकदम बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. काही जणींना एकदम थांबवतात, काही जणींना सौम्य औषधावर आणून हळूहळू उतरवतात. किती वर्षं लावली, किती जोरकस होती, यावर ते ठरतं, आणि ते चेहरा समोर बघूनच ठरवायचं असतं. सोडल्यावरचे पहिले काही आठवडे वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते. त्या काळात आमचा एक साधा उपाय खरोखर कामाला येतो. स्वच्छ सुती कापड साध्या गार पाण्यात भिजवून, हलकं पिळून, दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ चोळायचा नाही. त्यानंतर ओलसर त्वचेवर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. याने आग शमते. वांग याने जात नाहीत.

आता वांगांकडे येऊ.

वांग म्हणजे त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशी चेहऱ्याच्या ठरावीक भागात गरजेपेक्षा जास्त काम करतात. त्यांना चिथावणारी कारणं चार-पाच: ऊन, गरोदरपणातले आणि गर्भनिरोधक गोळ्यांतले हार्मोन, घराण्यातली प्रवृत्ती, आणि उष्णता. थायरॉइडशीही संबंध दिसतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घ्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत या पेशी मुळातच तल्लख असतात, त्यामुळे कसलीही इजा झाली, घासलं, भाजलं, ओरखडलं, की त्या जागी काळा डाग राहतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, तेवढी लक्षात ठेवा.

आणि इथे मला माझ्याच शास्त्राची एक अडचण सांगायला हवी. निसर्गोपचार म्हणजे माती, पाणी, ऊन, हवा, उपवास. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला काम सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या केंद्रांचा दिनक्रम साधारण याच गोष्टींभोवती फिरतो. सकाळी सूर्यस्नान, मग बाष्पस्नान, चेहऱ्याला वाफ. सांधेदुखीला, सर्दीला, आळसटलेल्या शरीराला हे छान मानवतं. वांगाला मात्र ऊन आणि उष्णता दोन्ही वैरी. नवीन होते तेव्हा मी ज्या केंद्रात काम करत होते तिथे येणाऱ्या सगळ्यांना सरसकट एकच वेळापत्रक असे. चाळिशीच्या एक बाई दहा दिवसांच्या शिबिराला आल्या, रोज न चुकता सूर्यस्नान, वाफ, वर चेहऱ्याला मातीचा लेप. वजन कमी झालं, झोप सुधारली, आनंदाने घरी गेल्या. तीन आठवड्यांनी फोन आला, "डॉक्टर, वांग दुप्पट काळे झालेत." वेळापत्रकावर सही माझी होती. तेव्हापासून वांग असलेल्या बाईला मी तोंडाला वाफ देत नाही. कोवळं ऊन घ्यायचं तर पाठ उन्हात आणि तोंड सावलीत, डोक्यावर पदर किंवा टोपी. ड जीवनसत्त्वासाठी शरीराला गाल आणि पाठ यांत फरक कळत नाही.

म्हणून वांगासाठी माझ्या चिकित्सेचा मोठा भाग थांबवण्याचा आहे. काय लावायचं याआधी काय लावायचं बंद करायचं, ते बघू या.

लिंबू पहिलं. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास असतो, त्वचेचा साधारण ५. थेट रस म्हणजे मोजमाप नसलेला आम्लाचा पीलच. शिवाय लिंबूवर्गीय फळांत असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मग महिनोन्महिने टिकणारे तपकिरी ओघळ उरतात. उन्हाळ्यात सरबतासाठी लिंबं पिळून तसेच अंगणात गेलेल्या माणसाच्या हातावर असे डाग मी पाहिलेत. चेहऱ्यावर ते मुद्दाम कशाला ओढवून घ्यायचे?

जायफळाचं थोडं वेगळं आहे. आयुर्वेदात वांगाला व्यंग म्हणतात आणि त्यावरच्या लेपांत जायफळ येतं, त्यामुळे सासूबाई हवेतलं काही सांगत नाहीयेत. (आयुर्वेद आणि निसर्गोपचार ही दोन वेगळी शास्त्रं आहेत, आम्ही औषधी देत नाही, पण ते असो.) अडचण उगाळण्याची आहे. सहाणेवर किती उगाळलं, कण किती जाड राहिले, दूध किती, रोजचा लेप वेगळा. जायफळात तिखट सुगंधी तेलं असतात. धडधाकट त्वचेला एखादे वेळी चालून जाईल. स्टेरॉइडने पातळ झालेल्या तुमच्या गालावर आत्ता नको. बटाट्याच्या रसाने बिघडत फारसं काही नाही आणि घडतही नाही. हळद-बेसन सणासुदीला लावा, पण खरखरीत पंच्याने घासून काढू नका, कारण रोजच्या घासण्यानेच काळे पडलेले चेहरे, पाठी आणि हात आमच्याकडे कितीतरी येतात. अंघोळीच्या जाळीने चेहरा घासणं आजपासून बंद.

आणि हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतेच. बिब्बा चेहऱ्याच्या जवळपासही आणू नका. गावाकडे आजही कोणीतरी डागावर, चामखिळीवर बिब्ब्याचं तेल लावतं. त्याने त्वचा रासायनिक पद्धतीने भाजते, फोड येतात आणि पुढे जो काळा डाग पडतो त्यापुढे वांग बरे वाटतात. बिब्बा झाडावरच पिकतो. लसूणही शेतातच येतो, आणि कच्चा लसूण ठेचून बांधला तर फोड येतो.

'केमिकल नको' हा तुमचा आग्रह मला समजतो, पण इथे ती रेघ कामाची नाही. त्वचारोगतज्ज्ञ वांगाला ॲझेलेइक ॲसिड देतात, ते गहू-जवात मुळातच असतं. कोजिक ॲसिड बुरशीपासून मिळतं. ग्लायकोलिक ॲसिड उसात सापडतं. ज्येष्ठमधातला एक घटक रंग बनवणाऱ्या विकरावर काम करतो आणि तो कितीतरी क्रीममध्ये घालतात. उलट ज्या क्रीमवर 'शंभर टक्के हर्बल' लिहिलंय आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तिच्यात काय निघेल सांगता येत नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ दरम्यान डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ दिसू लागले. चौकशी केली तर त्यातले बरेच जण गोरेपणाची क्रीम लावत होते, आणि त्या क्रीममध्ये पारा होता. पारा हाही निसर्गातलाच. तेव्हा मी बाईला विचारते ते इतकंच: यात काय आहे, किती आहे, आणि तुझ्या त्वचेला ते आत्ता झेपेल का?

पार्लरवालीच्या दोन्ही सल्ल्यांना माझं उत्तर नाही असं आहे. ग्लुटाथायोन आपल्या शरीरात तयार होतंच, म्हणून ते 'नैसर्गिक' म्हणून विकायला सोपं जातं. पण रंग उजळण्यासाठी ते शिरेतून टोचणं ही मान्य चिकित्सा नाही. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच याविरुद्ध इशारा दिला होता, त्यात मूत्रपिंड, थायरॉइड आणि त्वचा सोलून निघण्यापर्यंतच्या गंभीर ॲलर्जीचा उल्लेख होता. शिवाय पार्लरमध्ये शिरेत सुई घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझ्या पदवीतही ते काम येत नाही, आणि मी ते करत नाही.

पील आणि लेसर हे मुळात वाईट नाहीत. योग्य हातात, तयार केलेल्या त्वचेवर, सौम्य ताकदीने ते उपयोगी पडतात. पण वांगात लेसर बेभरवशाचा. काही जणींना फरक पडतो आणि थांबवल्यावर डाग परत येतात, काही जणींचे आधीपेक्षा गडद होतात, कारण लेसर म्हणजे शेवटी उष्णताच. तुमची त्वचा आत्ता ट्यूबमुळे हुळहुळी झालेली आहे. तिच्यावर पील म्हणजे भाजलेल्या हातावर गरम तवा. आणि लग्नाच्या आधी दोन महिने तर मुळीच नाही. डाग पडला तर तो फिकट व्हायला कित्येक महिने लागतात, आणि लग्नाचे फोटो कायमचे राहतात.

मग करायचं काय? सगळ्यात मोठी गोष्ट ऊन. वांगाच्या कोणत्याही औषधाचा परिणाम सनस्क्रीनशिवाय टिकत नाही, हे मी माझ्या शास्त्राच्या लोकांनाही ठासून सांगते, आणि काही जण रागावतात. एसपीएफ ३० किंवा जास्त, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा निघतील एवढं, चेहरा आणि मानेला. आपण सहसा वाटाण्याएवढं लावतो. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगाला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही चेतवतो, आणि तो अडवायला साधं सनस्क्रीन पुरत नाही. त्वचेच्या रंगाचं, म्हणजे लोह ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन घेतलंत तर तो बऱ्यापैकी अडतो आणि डागही झाकले जातात. दिराच्या लग्नाला हेच तुमचं अर्धं मेकअप. गाडीवर जाताना स्कार्फ बांधता ना? तो जाड विणीचा, सुती घ्या आणि रोज धुवा. कपाळ आणि गालांचा वरचा भाग त्यातून उघडा राहतो, तिथे क्रीम हवीच.

दुसरी गोष्ट चुलीची. माझ्याकडे एक बाई यायच्या, भाकऱ्या करून विकायच्या, रोज शंभरेक. ऊन त्यांना जवळपास नव्हतंच आणि तरी वांग हटेनात. तव्यासमोर तीन-चार तास चेहरा तापत होता. त्यांना काम सोडा म्हणणार कसं? शेगडी खिडकीकडे हलवली, पंखा बाजूला बसवला, आणि भाकरी झाल्यावर गार पाण्याची पट्टी. औषध त्वचारोगतज्ज्ञाचंच होतं, पण ते लागू पडायला लागलं ते यानंतर. तुमच्या घरात स्वयंपाक किती जणांचा आहे ते लिहिलं नाहीत.

आहाराबद्दल मी थोडकंच बोलते, कारण इथे आमचे लोक जरा जास्त बोलतात. 'पोट साफ नाही म्हणून वांग' हे वाक्य आमच्या केंद्रांत रोज ऐकू येतं. मी कित्येक बायकांचं पोट साफ केलेलं आहे, त्याने त्यांना बरं वाटलं, वांग तिथेच राहिले. मुरुमांचं वेगळं आहे. साखर-मैदा कमी केल्यावर मुरुमं कमी झालेली मी अनेकदा पाहिली आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे. वांगासाठी मात्र उपवास करू नका. हिमोग्लोबिन तपासा, कारण दोन बाळंतपणांनंतर ते कमी असण्याची शक्यता बरीच, आणि कमी असेल तर चेहरा निस्तेज दिसतो, मग डाग उठून दिसतात. झोप पूर्ण घ्या. यापलीकडे आहाराच्या नावाखाली कोणी महागडी पावडर विकत असेल तर पैसे वाचवा.

मातीचं विचारलंत तर, पोटावर मातीची पट्टी मी अजूनही आवडीने देते. जमिनीत तीन-चार फूट खोलवरची, उन्हात वाळवलेली, चाळलेली आणि रात्रभर भिजवलेली माती. चेहऱ्यासाठी माझा नियम असा की त्वचा तेलकट आणि निरोगी असेल तर आठवड्यातून एकदा पातळ लेप, पूर्ण वाळायच्या आत ओल्या कापडाने अलगद पुसायचा. कडक वाळून तडकेपर्यंत ठेवला की तो ओलावा ओढून घेतो आणि काढताना घासलं जातं. तुम्हाला पहिले तीन महिने तो नको.

आता इथवरचं एकत्र करून तुमच्या दोन महिन्यांत बसवू. या आठवड्यात ट्यूब तपासायची आणि त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्यायची. लिंबू, जायफळ, जाळी, वाफ, पार्लरचं ब्लीच आणि फेशियल बंद. चेहऱ्याला फक्त तीन वस्तू: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, रंगीत सनस्क्रीन. आग कमी झाली की वांगाचं औषध डॉक्टर ठरवतील. ते बहुधा ॲझेलेइक ॲसिडसारख्या सौम्य गोष्टीपासून सुरू करतील, आणि त्याचा फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. कदाचित ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचा विषय निघेल. त्या रक्त गोठण्याशी संबंधित आहेत, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल किंवा घरात कोणाला रक्ताच्या गाठींचा त्रास झाला असेल तर न विचारताही सांगा. लग्नापर्यंत वांग जाणार नाहीत. आग आणि लाली गेली आणि डाग एक छटा फिकट झाले, तर मी ते यश समजेन.

आणखी एक शक्यता सोडून चालणार नाही. प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांच्या डायच्या ॲलर्जीने चेहऱ्याच्या कडेला राखाडी-काळपट रंग येतो, मान जाडसर काळी पडली तर साखर तपासावी लागते, आणि हायड्रोक्विनोन फार वर्षं लावलं तर त्यानेच उलट निळसर-काळे ठिपके येतात. समोर बसून, भिंगातून बघितल्याशिवाय हे कळत नाही. माझ्याकडे आलेल्या दर चार-पाच 'वांगां'त एखादं तरी दुसरंच निघतं, आणि मी त्यांना पुढे पाठवते.

सासूबाईंना काय सांगायचं, तेही विचारलंत. सांगा की डॉक्टरांनी जायफळाला नाही म्हटलेलं नाही, आधी त्वचा भरून यायला सांगितलंय. सहा महिन्यांनी हवं तर कानामागे रोज दोनदा असं सात दिवस लावून बघा. खाज, लाली आली नाही तर मग गालाचा विचार करू.

आणि ती ट्यूब रागाने फेकून देऊ नका. रिकामी असली तरी खोक्यासकट पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.